उतारूचे घर



राहण्याच्या जागेला मराठीत अनेक शब्द आहेत. मुक्काम हलतो, बिऱ्हाड पाठीवर घेता येते, वस्ती उठते. घराविषयी मात्र आपण अशी भाषा सहसा करीत नाही. गेल्या काही वर्षांत अमेरिका-युरोपातील काही निवृत्त माणसे आपले घर विकून किंवा भाड्याने देऊन पर्यटनाच्या जहाजावर, म्हणजे क्रूझवर, कायमची राहू लागली आहेत. श्रीमंतांची लहर म्हणून हा विषय तुम्ही बाजूला सारू नये. उतारवयात कोठे आणि कोणाच्या आधाराने राहावे, हा प्रश्न या लहरीच्या तळाशी आहे, आणि तो तुमच्या-माझ्या घरीही आहेच.

या पर्यायाची बाजू प्रथम ऐकून घेऊ, कारण ती दुबळी नाही. २००४ साली अमेरिकेतील वार्धक्यविषयक वैद्यकाच्या एका नियतकालिकात दोन संशोधकांनी वृद्धनिवासातील वीस वर्षांचा खर्च आणि तेवढाच काळ क्रूझवर राहण्याचा खर्च शेजारी शेजारी मांडला. दोन्ही आकडे सुमारे २ लाख ३० हजार डॉलरच्या आसपास आले. त्या रकमेत जहाजावर काय मिळते? खोली रोज झाडली जाते, अंथरूण घातले जाते, तीन वेळा ताजे अन्न मिळते, डॉक्टर काही पायऱ्यांच्या अंतरावर असतो. ज्या स्त्रीने पन्नास वर्षे ‘उद्या भाजी कोणती?’ या प्रश्नाला उत्तर दिले, तिच्या दृष्टीने हा प्रश्नच संपणे ही केवढी सुटका आहे, हे पुरुष विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जेवणाच्या टेबलावर माणसे असतात. मुले परगावी असलेल्या, दाराची घंटा आठवडाभर न वाजणाऱ्या घरापेक्षा हे निश्चित बरे. टेबलावरची ती माणसे दर आठ-पंधरा दिवसांनी बदलतात, हे खरे. परंतु शहरातील शेजारी तरी आपल्याला किती ओळखतात?

माझा आक्षेप निराळाच आहे. जहाजावर राहणाऱ्याला आपली भाषा ‘उतारू’ म्हणते. या शब्दात ‘उतरणे’ स्पष्ट ऐकू येते, आणि कायद्यातही त्याचे स्थान तेच आहे. त्याच्या हाती असते ते तिकीट. जहाज बहामा किंवा पनामा यांसारख्या देशाचा ध्वज लावते, पण त्या ध्वजामुळे उतारू त्या देशाचा नागरिक होत नाही. पासपोर्ट, बँक, मतदान यांसाठी त्याला जमिनीवरचाच कोणता तरी पत्ता द्यावा लागतो. २००२ साली निघालेले ‘द वर्ल्ड’ हे जहाज याला अपवाद आहे. त्यावरील १६५ निवासांचे मालक जहाजाचेही मालक आहेत आणि मार्ग तेच ठरवितात. परंतु तेथे प्रवेश मिळण्यासाठी कोट्यधीश असावे लागते. इतरांचे काय होते, ते पाहा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये इस्तंबूलहून तीन वर्षांच्या सफरीवर एक जहाज निघणार होते. काहींनी त्यासाठी घरदार आवरले होते. कंपनीला जहाजच घेता आले नाही आणि निघण्याच्या तोंडावर सफर रद्द झाली. पुढच्याच वर्षी ‘ओडिसी’ हे १९९३ साली बांधलेले जहाज दुरुस्तीसाठी बेलफास्टच्या बंदरात चार महिने अडकले. त्या काळात उतारूंना दिवसा जहाजावर येता येई आणि रात्री मात्र खाली उतरावे लागे. जेथे रात्री निजता येत नाही, त्याला घर म्हणायचे का?

आजारपणात ही गोष्ट अधिकच उघडी पडते. जहाजावरचे रुग्णालय प्रथमोपचाराचे आणि तातडीच्या उपचारांचे. पक्षाघात झालेल्या माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करण्याची सोय तेथे नसते. त्याला जवळच्या बंदरावर उतरविले जाते, मग ते बंदर कोणत्याही देशातले असो. २०२० च्या मार्चमध्ये तर बंदरांनीच पाठ फिरविली. ‘झांडाम’ या जहाजाला दक्षिण अमेरिकेतील बंदरांनी थारा दिला नाही. जहाजावर चार उतारू मरण पावले, आणि एप्रिलच्या आरंभी ते फ्लोरिडाला लागले. म्हातारपणाचे घर आपण ज्या दिवसांसाठी शोधतो, नेमक्या त्याच दिवसांत जहाज हात वर करते.

या सुखसोयी पुरविणारी माणसे कोण, हेही पाहिले पाहिजे. गोव्यातील आणि कोकणातील कित्येक घरांतील मुलगे साधारणतः सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर ‘जहाजावर’ जातात. त्याच वर्षी फेब्रुवारीत योकोहामा येथे अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर १३८ भारतीय होते आणि त्यांपैकी १३२ कर्मचारी होते. उतारू खोल्यांत विलग होते. जेवणाची ताटे दारोदार पोहोचविण्याचे काम कर्मचारी करीत होते. तेच कर्मचारी पगारातून गावी आईवडिलांच्या औषधाचा खर्च भागवितात, घराचे चिरे बसवितात. एकाने घर विकून जेथे यावे, तेथेच दुसऱ्याने घर बांधण्यासाठी राबावे, हा योगायोग मला अस्वस्थ करतो. अर्थात ती नोकरी नसती तर त्या घरांचे काय झाले असते, असे कोणी विचारल्यास माझ्यापाशी चटकन उत्तर नाही.

तेव्हा माझे मत असे की, प्रकृती धड असताना, मागे कोणी लहान वा आजारी अवलंबून नसताना, ज्याला परवडेल त्याने दोन-तीन वर्षे खुशाल समुद्रावर काढावीत. परंतु जाण्यापूर्वी घर भाड्याने द्यावे, विकू नये. भाडेकराराची मुदत अकरा महिन्यांचीच ठेवावी, आणि किल्लीचा एक जोड जवळच्या नातलगाकडे असू द्यावा.