दूरध्वनी आहे, उत्तर कोण देणार?

कशेडी घाटाखालच्या एखाद्या वाडीत रात्री वृद्ध आईला धाप लागली, तर पहिला दूरध्वनी बहुधा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात जात नाही. तो मुंबईला, चाकरमानी मुलाकडे जातो. मुलगा तेथून गावातील कोणाला तरी उठवितो, तो गाडीवाल्याकडे चौकशी करतो आणि मग केव्हातरी रुग्णालयाशी बोलणे होते. हाकेच्या अंतरावरचा निरोप असा मुंबईचा वळसा घेऊन पोहोचतो. यात आईचा दोष नाही, मुलाचाही नाही. रुग्णालयातील दूरध्वनी कोणी उचलील आणि उचलणारा नीट उत्तर देईल, असा भरवसाच लोकांना उरलेला नाही.

वस्तुतः क्रमांकांची वाण नाही. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे. गर्भवती व नवजात अर्भकांसाठी १०२, सल्ल्यासाठी १०४. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि दूरध्वनीवरून सल्ला देण्यास रीतसर मान्यता मिळाली. परंतु १०८ वर बोलणारा कर्मचारी पुण्यातील नियंत्रण कक्षात बसलेला असतो. घाटातल्या वळणाला नाव नसते. घाबरलेला माणूस ‘मोठ्या आंब्याच्या पुढे’ एवढेच सांगू शकतो. अशा वेळी रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा कामी येतो, पण हे शाळेत कोणी शिकवीत नाही. शिक्षकांनी एक तास यासाठी काढला तर अभ्यासक्रम बुडणार नाही.

खरी उणीव आहे ती जवळच्या आरोग्य केंद्रात. डोंगरी भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. तेथे दूरध्वनी म्हणजे पुष्कळदा डॉक्टरांचा स्वतःचा भ्रमणध्वनी. त्यांची बदली झाली की क्रमांकही गावाबाहेर जातो! क्रमांक पदाचा हवा, व्यक्तीचा नव्हे. प्रत्येक कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. रुग्णाच्या दूरध्वनीची नोंद मात्र कोठेही होत नाही. कोणी, केव्हा, कशासाठी विचारले आणि त्याला काय सांगितले, एवढ्या चार रकान्यांची वही ठेवावयास नवे पद लागणार नाही. दुपारचा एक ठरलेला तास डॉक्टरांनी अशा रुग्णांना उलट दूरध्वनी करण्यासाठी राखावा. मधुमेहाच्या गोळीविषयी विचारण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून पोलादपूर गाठणे तरी त्यामुळे टळेल.

अर्थात तारा आणि मनोरे पावसापुढे टिकत नाहीत. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, त्या दिवसांत महाड-पोलादपूर परिसरातील संपर्क तुटला होता. पोलिसांना बिनतारी यंत्रणा मिळते, ती आरोग्य केंद्रांना का मिळू नये, हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे पावसाळ्याआधी यावयास हवा.