वसंतराव नाईकांचा अपुरा वारसा

सत्ताधीश जातो, त्याने उभारलेले काय टिकते, यावरच त्याचे मोल ठरते. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल १९६९ साली सार्वमत हरताच पायउतार झाले. परंतु १९५८ साली त्यांनी घडविलेली राज्यघटना आजही टिकून आहे. यवतमाळ जिल्ह्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दीलाही हीच कसोटी लावावयास हवी.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीला जी चालना मिळाली, तिचे १९७७ साली कायद्यात रूपांतर झाले आणि २००५ साली देशाने तेच तत्त्व स्वीकारले. त्याच १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी मात्र तगली नाही. हमीभाव बाजारभावाच्या वर गेला की तूट तिजोरीवर पडे आणि चुकाऱ्यासाठी शेतकरी ताटकळे. मजुराला हक्क मिळाला. कोरडवाहू कापूस उत्पादकाला केवळ योजना मिळाली.

शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या जिल्ह्यात १ जुलैच्या कृषिदिनी नाईकांच्या प्रतिमेला हार घालणे सोपे आहे. शेताला पाणी आणि कापसाला खात्रीचा भाव देणे, हेच त्यांचे खरे स्मरण होय.