लटकलेलं दार

आक्षी आणि रेवदंड्याच्या मधल्या आमच्या नागावात खारा वारा नारळ-सुपारीला मानवतो, गाडीच्या पत्र्याला नाही. यंदा पावसाळा सरला आणि आमच्या जुन्या गाडीचं चालकाच्या बाजूचं दार आपटल्याशिवाय लागेना. अशा वेळी हात आधी जातो तो खांबावरच्या कडीकडे, जिच्यात कुलपाचा खटका अडकतो. कळकळीने सांगतो, तिला आधी हात लावू नका. दुखणं बहुतेकदा बिजागरीत असतं. दार अर्धवट उघडा आणि कडेला खालून धरून उचलून बघा. खुळखुळलं, तर पिन किंवा बुश झिजलाय; मग बोल्ट कितीही आवळले तरी उपयोग नाही, पिन-बुश बदलायलाच हवेत. खुळखुळत नसेल, नुसतंच खाली बसलं असेल, तर काम घरी होतं. आमचं तसंच होतं, म्हणून मेहुण्याला हाताशी घेतलं. आदल्या रात्रीच गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडलं होतं. बिजागरीभोवती पेन्सिलीची खूण, दाराखाली जॅक, त्यावर फळी, फळीवर गोधडीचा तुकडा. बोल्ट काढायचे नाहीत, फक्त सैल करायचे. जॅक जेमतेम दोन मिलिमीटर चढवला, बोल्ट आवळले, जॅक काढून दार हलकेच लोटलं. खट् असा एकच आवाज! मागच्या दारालगतची फट वरपासून खालपर्यंत सारखी झाली होती. आता पुळणीवरून आलो की बिजागऱ्या गोड्या पाण्याने धुतो, आणि सुकल्या की ग्रीसचं बोट फिरवतो.