विश्लेषण : व्हेंटिलेटर आला, पडद्यावरच्या रेषा कोण वाचणार?

पावसाळा आणि धानाचा हंगाम आला की सालेकसा तालुक्यात सर्पदंशाची धास्ती वाढते. त्यात मण्यार सर्वांत फसवी. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. सूज नाही, वेदना नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात आणि मग श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. अशा रुग्णाला प्रतिविषाइतकीच कृत्रिम श्वासाची गरज असते, कधी काही दिवस. त्यासाठी आमगावमार्गे गोंदिया गाठायचे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले.

पडद्यावर काय दिसते?

तीन आलेख : दाब, हवेचा प्रवाह आणि आत-बाहेर गेलेल्या हवेचे प्रमाण. आकड्यापेक्षा आकार जास्त सांगतो. दाब एकदम वाढला तर श्वास आत भरून क्षणभर रोखतात. रोखताच दाब बराच उतरला, तर अडथळा नळीत किंवा श्वासमार्गात आहे. मण्यारदंशात हे नेहमीचे, कारण रुग्णाला लाळही गिळता येत नाही. दाब उतरलाच नाही, तर फुप्फुस ताठर झाले आहे किंवा त्याभोवती हवा साठली आहे. प्रवाहाची रेषा करवतीसारखी दातेरी दिसली तर नळीत पाणी किंवा कफ. बाहेर पडलेली हवा आत गेलेल्यापेक्षा सतत कमी भरत असेल तर कुठेतरी गळती.

यंत्राचा दोष की रुग्णाचा?

करोनाकाळात हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. मे २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून ५० हजार देशी व्हेंटिलेटरसाठी दोन हजार कोटी रुपये जाहीर झाले. वर्षभराने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आले, की मराठवाड्यासाठी मिळालेल्या १५० पैकी वापरात आणलेली ११३ यंत्रे सदोष आहेत. केंद्राने बोट दाखवले ते रुग्णालयांच्या हाताळणीकडे. न्यायालयाने त्यावर नाराजी व्यक्त केली. यंत्र सदोष असेल तर रेषा वाचून ते दुरुस्त होत नाही, हे खरेच. पण बिघाड यंत्रात, नळीत की फुप्फुसात, हे रात्री दोन वाजता खाटेशेजारी ठरवायचे असते. खरेदीच्या घोषणेत यंत्रांची संख्या ठळक असते, ती वाचणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टरांची नसते.

मण्यारदंशात त्याचे महत्त्व काय?

हा रुग्ण पूर्ण शुद्धीवर असू शकतो, पण डोळाही उघडू शकत नाही. बाहुल्या विस्फारलेल्या आणि प्रकाशाला प्रतिसाद न देणाऱ्या. ‘मेंदू गेला’ असे वाटून नातेवाईक उपचार थांबवायला तयार होतात. अनेकदा फुप्फुस चांगले असते, थकलेले असतात ते स्नायू. ते परतू लागले की यंत्राने श्वास देण्याआधी दाबाच्या रेषेत एक बारीक खळगा उमटतो : रुग्णाने स्वतः हवा ओढली. नळी हलल्याने किंवा तीत पाणी साचल्यानेही तसा भास होतो, म्हणून छातीची हालचाल जुळवून पाहावी लागते. ती जुळली की यंत्राचा आधार हळूहळू कमी करायला सुरुवात करता येते.