बदली अधिकाऱ्याची होते, विद्यार्थ्याची होत नाही

केंद्र सरकारच्या सेवेत काही वर्षे काढलेल्या माणसाला बदलीचे भय उरत नाही. आदेश दोन ओळींचा असतो, पण त्यामागे एक संपूर्ण यंत्रणा उभी असते. शेवटच्या वेतनाचे प्रमाणपत्र निघते, सेवापुस्तक नव्या कार्यालयाकडे रवाना होते, आणि 1979 च्या नियमांनुसार 2000 किलोमीटरहून दूर जायचे असल्यास रुजू होण्यासाठी 15 दिवस मिळतात. मुलांच्या शाळेची अडचण ओळखून सरकारने 1963 पासून केंद्रीय विद्यालये उभारली. एखादा अधिकारी एका जागी निष्प्रभ ठरला, तर त्याला दुसरीकडे पाठविणे हा प्रशासनाचा सर्वमान्य उपाय आहे. 'माणूस वाईट नाही, जागा चुकली' हे वाक्य आपण परस्परांविषयी किती सहजतेने उच्चारतो!

18 वर्षांच्या विद्यार्थ्याविषयी मात्र ते कोणी उच्चारत नाही. बारावीनंतर घरच्यांच्या आग्रहाने म्हणा वा प्रवेशपरीक्षेतील क्रमांकामुळे म्हणा, तो भलत्याच विषयात जाऊन पडतो. पहिल्या वर्षी दोन-तीन विषय राहतात. महाराष्ट्रात त्याला ए.टी.के.टी. म्हणतात, उत्तरेत 'बॅक' आणि तामिळनाडूत 'अरिअर'. शब्द बदलला तरी लागणारा कलंक तोच. आता त्याला विषय बदलावासा वाटला, तर व्यवस्था प्रथम विचारते: गुण किती? ज्याला विषय न मानवल्यामुळे गुण पडले नाहीत, त्याने विषय सोडण्याची परवानगी त्याच विषयातील उत्तम गुणांनी कमवावी, असा हा न्याय आहे. आय.आय.टी.मध्ये शाखाबदल पूर्वापार पहिल्या वर्षाच्या गुणानुक्रमेच मिळत आला. काही संस्थांनी अलीकडे तोही बंद केला. म्हणजे शाखाबदल हे यशाचे बक्षीस होते. अडलेल्यासाठी तो मार्ग कधी नव्हताच.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे सारे बदलले, असे सांगितले जाते. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे विनियम काढले. मिळविलेले श्रेयांक या बँकेत जमा होतात आणि सर्वसाधारणपणे 7 वर्षे वैध राहतात. कल्पना उत्तम आहे, मी तिचा समर्थकच आहे. परंतु पैसे जमा करून घेणारी आणि धनादेश वटविण्याची सक्ती कोणावरच नसलेली बँक कसली? श्रेयांक खात्यात असणे वेगळे आणि दुसऱ्या महाविद्यालयात जागा मिळणे वेगळे. 2022 पासूनची सीयूईटी ही परीक्षा पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी आहे. दुसऱ्या वर्षाचे दार प्रत्येक विद्यापीठ आपापल्या नियमांनी उघडते किंवा उघडत नाही.

तपशिलात शिरले की आणखी अटी दिसतात. त्याच विनियमांनुसार पदवी देणाऱ्या संस्थेत किमान 50 टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. तीन वर्षांची पदवी 120 श्रेयांकांची. म्हणजे दोन वर्षांत 80 मिळवून बाहेर पडणाऱ्याचे फार तर 60 उपयोगी पडणार. उरलेले 20, म्हणजे एक संपूर्ण सत्र, वाया. डिसेंबर 2022 च्या आराखड्याने पहिल्या वर्षाअखेर मुख्य विषय बदलण्याची मुभा दिली खरी, पण ती त्याच व्यापक विद्याशाखेच्या आत. भौतिकशास्त्राकडून रसायनशास्त्राकडे जा. इतिहासाकडे वळायचे असेल, तर ही मुभा तुमच्यासाठी नाही. आणि शुल्क? 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर 30 दिवस उलटले की परतावा शून्य. आपली निवड चुकली हे मुलाला पहिल्या सत्राच्या निकालानंतर कळते. तोवर ही मुदत केव्हाच संपलेली असते.

अर्थशास्त्रात बुडीत खर्चाचा एक प्राथमिक धडा असतो: जो खर्च परत येणार नाही, त्याच्याकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये. आपली व्यवस्था मुलाला नेमके उलटे शिकविते. 'एक वर्ष गेलेच आहे, आता पूर्ण कर' हा सल्ला पालक देतात, प्राचार्य देतात, आणि नियमही तोच देतात. यातून नको असलेली पदवी कशीबशी हाती लागते आणि तिचा उपयोग कोणालाच होत नाही.

आक्षेप ठाऊक आहेत. मागील दाराने प्रवेश होतील, गुणवत्तेवर अन्याय होईल, मुले कष्टाला पाठ दाखवतील. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. स्पर्धा परीक्षेतून मिळणारी मोक्याची जागा बदलीच्या निमित्ताने कोणी बळकावू नये. पण गळतीमुळे दुसऱ्या वर्षी ज्या जागा रिकाम्या पडतात, त्यांवर अन्याय कोणावर होणार? रिकाम्या बाकासाठी गुणवत्तेचे रक्षण करणे हा निव्वळ नियमांचा अहंकार आहे. राहिला कष्टाचा प्रश्न. संधी एकदाच द्या, म्हणजे उत्तर मिळाले.

यासाठी नवा कायदा नको, काही आदेश पुरेत. प्रत्येक विद्यापीठाने दुसऱ्या वर्षाच्या रिक्त जागा दरवर्षी जाहीर कराव्यात. पात्रता ठरविताना सोडलेल्या विषयातील गुण बाजूला ठेवून नव्या विषयाशी संबंधित तेवढेच पाहावेत. विद्याशाखा ओलांडण्याची मुभा एकदा तरी असावी. अर्जाचा निकाल 30 दिवसांत, नकार असल्यास लेखी कारणांसह द्यावा. स्थलांतर प्रमाणपत्र, ना-देय दाखला, खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र या कागदांसाठी विद्यार्थ्याला दोन शहरांत फिरविण्याऐवजी दोन विद्यापीठांनीच आपसांत पत्रव्यवहार करावा.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न अधिक टोचतो. मूळ गाव एका राज्यात, शाळा दुसऱ्या, वडिलांची नेमणूक तिसऱ्या. अधिवासाचा दाखला मागितला की मूल कुठलेच ठरत नाही. अशा मुलाला चुकलेले महाविद्यालय बदलणे आणखी दुष्कर होते. सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या सेवापुस्तकाला देशभर प्रवास करण्याचा मार्ग आखून दिला आहे. तोच मार्ग गुणपत्रिकेलाही मिळावा, एवढीच ही मागणी आहे.