दात काढण्यापूर्वी एक प्रश्न

“रोजची औषधे कोणती?” या प्रश्नाच्या उत्तरात ऑस्टिओपोरोसिसचे औषध येतच नाही, कारण गोळी आठवड्यातून एकदा, इंजेक्शन ६ महिन्यांनी वा वर्षाने. हाडांची झीज रोखणारी ही औषधे हाडाची नैसर्गिक डागडुजीही मंदावतात. त्यामुळे दात काढल्यावर क्वचित जखम भरत नाही, जबड्याचे हाड उघडे राहते. २००३ साली डॉ. रॉबर्ट मार्क्स यांनी याकडे लक्ष वेधले. मग पेडणे-डिचोलीच्या आजीला बांबोळीच्या दंत महाविद्यालयाच्या फेऱ्या घडतात. तरीही हा धोका अल्प आहे. खुबा मोडण्याचा त्याहून मोठा. म्हणून औषध परस्पर बंद करू नये. माझे आग्रहाचे मत असे, की आपण डॉक्टरांनी हे औषध लिहिण्यापूर्वी दंततपासणी करवून घ्यावी आणि त्याची नोंद रुग्णाच्या हाती द्यावी.