मोरपिसाचा सोललेला तंतू



गेल्या मे महिन्यात आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याचा मुलगा इंग्लंडहून सुट्टीवर आला होता. त्याने खिशातून चपटी डबी काढली आणि नखाएवढी एक माशी माझ्या तळहातावर ठेवली. मी फुंकर मारली, ती उडेना. नीट पाहिले तेव्हा पोटाखाली गळ दिसला. ट्राउट मासा पकडण्यासाठी हाताने बांधलेली ती बनावट माशी होती. पोटावर एकाआड एक फिकट आणि काळसर कडी होती. ब्रशने रंगवली असतील असे मला वाटले. "काका, हा रंग नाही, मोराचे पीस आहे," तो म्हणाला. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

दक्षिण इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात टेस्ट आणि इचेन या नद्या आहेत. खडूच्या टेकड्यांतून झिरपून येणारे त्यांचे पाणी काचेसारखे स्वच्छ असते. तेथे मेफ्लाय जातीचे कीटक वाढतात. त्यांचे बालपण पाण्याखाली जाते. पंख फुटले की फार तर एक-दोन दिवसांचे आयुष्य, आणि त्यात ते काही खातही नाहीत. त्यांचे पोट बारीक आणि कड्याकड्यांचे असते. स्वच्छ पाण्यात माशाला खोटे चटकन दिसते, म्हणून ही कडी हुबेहूब उतरवणे आले.

फ्रेडरिक हाल्फोर्ड याने १८८६ साली तरंगणाऱ्या माश्या कशा बांधाव्यात यावर एक पुस्तक काढले. ते अजूनही या छंदातील पायाचे मानतात. त्यातील बरेचसे ज्ञान जॉर्ज मॅरियट या मित्राबरोबर मिळवलेले होते. पुस्तकावर दोघांचे नाव घालू, असे हाल्फोर्डने सुचवले होते. मॅरियटनेच नको म्हटले. तरी देऊ करणारा निघाला, हे मला विशेष वाटते. आपल्याकडे अहवाल एक लिहितो आणि सही दुसऱ्याची असते.

आता खरी गंमत. मोरपिसाच्या डोळ्याकडे आपण पाहतो ते त्यातील निळ्या-हिरव्या चमकीसाठी. ती चमक म्हणजे प्रत्येक तंतूवरची बारीक लव. माशी बांधणारा नेमकी तीच काढून टाकतो. खाली उरतो तो चपटा, नागडा तंतू. त्याची एक कड गडद आणि दुसरी फिकट असते. गळाच्या दांडीवर तो गुंडाळला की कडी आपोआप उमटतात. मात्र हा दुरंगीपणा डोळ्याच्या भागातील तंतूंतच ठळक असतो. पिसाच्या खालच्या भागातले तंतू बहुतेक एकरंगी निघतात.

लव काढायच्या रीती अनेक. अंगठ्याचे नख आणि तर्जनी यांत धरून ओढणे ही जुनी. दुसरी म्हणजे तंतूचे टोक टेबलावर दाबून खोडरबर फिरवायचे. कोणी पातळ मेणात बुडवून, गार झाल्यावर मेण खरवडतात, त्याबरोबर लव निघते. एकदम पुष्कळ हवे असतील तर कपड्याचे ब्लीच पाण्यात घालून त्यात पूर्ण डोळा धरतात, आणि लव विरघळताच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवतात. हे मुलांच्या हाती देऊ नये. मी दोन मिनिटे फोनवर बोलत राहिलो, तर तंतू इतके कुजले की हात लावताच तुटले.

दुसरी चूक त्याहून साधी. कोरडाच तंतू गुंडाळायला घेतला आणि तो तडकला. आधी पाण्यात भिजवावा लागतो. गळावर रेशमी दोऱ्याचा गुळगुळीत थर द्यायचा, शेपटीचे दोन-चार केस बांधायचे, तंतू बारीक टोकाकडून अडकवायचा आणि वेढ्याला वेढा भिडवत पुढे न्यायचा. वेढ्यावर वेढा चढला तर कडे बुजते. तंतू नाजूक असल्याने शेवटी वार्निशचा हात. मग कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस गुंडाळले की माशी पाण्यावर उभी राहते.

ही विद्या पत्राने समुद्रापारही गेली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरात राहणाऱ्या थिओडोर गॉर्डनने हाल्फोर्डला पत्र लिहिले. १८९० मध्ये हाल्फोर्डने त्याला नमुन्याच्या माश्या पाठवल्या. पण तिकडचे पाणी खळाळते आणि किडेही वेगळे. गॉर्डनने तंतूचे पोट ठेवले, बाकी रूप आपल्या नदीसारखे केले. ती माशी आजही 'क्विल गॉर्डन' म्हणून ओळखली जाते.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. कोंबड्याच्या मानेची पिसे अनेक वर्षे भारतातून जात आणि त्यांना 'इंडियन केप' हेच नाव पडले. पुढे अमेरिकेत खास पिसांसाठीच कोंबडे पैदा होऊ लागले आणि ही मागणी घटली. आमच्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे मेणासारखे पांढरे-पिवळे ठिपकेही या धंद्याला हवे असत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण मिळाले, मोरालाही. पीस घ्यायचे तर गळून पडलेलेच घ्यावे.

मुलीने विचारले, "पप्पा, आपण रोज पंचशील म्हणतो, मग हे गळ कशाला?" प्रश्न बरोबर होता. स्कॉटलंडच्या मेगन बॉइड या बाईंची गोष्ट मी तिला सांगितली. जन्मभर त्यांनी सामन माशासाठी माश्या बांधल्या, देशोदेशी त्यांचे नाव झाले, पण स्वतः मासे धरले नाहीत. मुलीचे समाधान झाले नाही. "त्यांच्या माशीने दुसऱ्यांनी धरलेच ना?" म्हणाली. मी पक्कड आणून माझ्या गळांची टोके मोडली.

आता रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघे बसतो. कडी बऱ्यापैकी सरळ येऊ लागली आहेत. मानेचे पीस मात्र अजून एका बाजूला कलते.